दोन आसनांची मोटार आणि मुलांची जागा

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि सामान्य गृहस्थास परवडेल अशी स्वस्त मोटार या देशात करता येईल काय, या प्रश्नाचा विचार तिच्याकडे सोपविला. भिलाईच्या पोलादाचे रूळ झाले आणि ते देशभर पसरले. स्वस्त मोटार मात्र पुढे चोवीस वर्षे बहुतांशी कागदावरच धावली.

आज भिलाईशी एकजीव झालेल्या जुनवानीसारख्या वस्तीत दोन लेकरांचा बाप एखादी बुटकी, चपळ, दोन आसनांची मोटार घ्यावी काय, असा विचार करू शकतो. ही निवडच १९५९ साली त्याच्या आजोबांपुढे नव्हती. परंतु प्रश्न दिसतो तितका नवा नाही. छोटी मोटार आणि मुलाबाळांचे घर यांचा मेळ कसा घालावा, हा पेच मोटारीच्या इतिहासात फार जुना आहे आणि आपल्याकडे त्याचे उत्तर प्रत्येक पिढीने निराळे दिले आहे.

विलायतेत हर्बर्ट ऑस्टिन यांनी १९२२ साली ‘ऑस्टिन सेव्हन’ बाजारात आणली. तिचा आराखडा काढताना त्यांच्या हाताशी स्टॅन्ली एज हा अठरा वर्षांचा पोरसवदा मदतनीस होता. साइडकार जोडलेल्या मोटारसायकलीवर बायकामुलांना घेऊन भिजत-कुडकुडत जाणाऱ्या माणसाला छप्पर मिळावे, हा त्यामागील हेतू. पुढे आईबाप, मागे मुले, असा तो संसार होता. गंमत अशी, की याच सांगाड्यावर पुढे शर्यतीच्या दोन आसनी मोटारीही बांधल्या गेल्या. म्हणजे घरगुती मोटार आणि शर्यतीची मोटार या एकाच आईच्या लेकी. फरक मागच्या आसनाचा!

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीची छोटी फियाट ५०० जोडावयास घेतली. ही खरी दोन माणसांची मोटार. पाठीमागे सामानाची थोडी जागा, आणि घरात लहान मूल असले की ते तेथेच कोंबले जाई. १९५४ पासून त्याच कारखान्यात चार दारांची फियाट ११०० आली, आणि तिच्याच वंशातली ‘पद्मिनी’ पुढे महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची मोटार झाली. तिच्या यशाची कारणे सांगताना यंत्राची थोरवी गायिली जाते. परंतु तिचे पुढचे आसन सलग बाकासारखे होते आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे बाप आणि आई यांच्या मधोमध एक मूल सुखाने बसे, आणि मागे आजी, आत्या व उरलेली भावंडे. आसने किती, हा हिशेब त्या काळी नव्हताच. मांडी हेही एक आसनच मानले जाई.

छोट्या मोटारीची दारे आपल्या गृहस्थाने कशी वाढवून घेतली, तेही पाहण्याजोगे आहे. मद्रासच्या ‘स्टँडर्ड’ कारखान्यात १९६१ पासून होणारी ‘हेरल्ड’ दिसावयास देखणी, पण दोन दारांची. नऊवारी नेसलेल्या सासूबाईंनी पुढचे आसन वाकवून मागे शिरावे कसे? १९६८ साली कारखान्याने तिला चार दारे दिली. तशी हेरल्ड खुद्द इंग्लंडात कधीच निघाली नाही. बंगलोरच्या ‘सिपानी’ने १९८२ साली ‘डॉल्फिन’ काढली. फायबरग्लासच्या हलक्या अंगाची आणि दोन दारांची ही मोटार शोलावरमच्या शर्यतींत नावाजली गेली, पण घरच्या अंगणात फारशी रमली नाही. पुढे तिचीच चार दारांची ‘माँटाना’ काढावी लागली. आणि डिसेंबर १९८३ मध्ये जी छोटी मारुती रस्त्यावर आली, ती पहिल्यापासूनच दोन्ही अंगांना दोन-दोन दारे घेऊन आली.

या कथेत इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांना विसरून चालणार नाही. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु १९४५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या बुद्धीने छोटी मोटार बांधण्याचा ध्यास घेतला. १९४९ साली त्यांची पहिली मोटार तयार झाली, ती दोन आसनांचीच. ‘मीरा’ या नावाने ते तिचे एकामागून एक नमुने करीत गेले. इंजिन मागे नेले, चाकांना रबराचा आधार दिला, आणि १९७५ च्या सुमारास सुमारे १२,००० रुपयांत मोटार देता येईल, असा त्यांचा हिशेब होता. परवान्यांच्या त्या काळात ‘मीरा’ कारखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. तीस वर्षांची ही तपश्चर्या आज महाराष्ट्रालाही फारशी आठवत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

मोटार मिळेना, तेव्हा संसार स्कूटरवर चढला. पुढे मूल उभे, मागे पत्नी आणि तिच्या कडेवर तान्हे. याच दृश्यावरून रतन टाटा यांना ‘नॅनो’ सुचली. पुण्यात घडलेली ही ६२४ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची मोटार १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत प्रथम दाखविली गेली. लांबीने ती एखाद्या स्पोर्ट्‌स मोटारीहूनही आखूड, पण चार दारे आणि चार आसने तिला होतीच. लोकांनी तिला ‘सर्वांत स्वस्त’ म्हटले आणि त्या विशेषणानेच तिचा घात केला, असे म्हणावयास जागा आहे. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले.

एवढ्या काळात मांडीचे राज्य मात्र संपत आले होते. जानेवारी २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींची धडक-चाचणी झाली. एअरबॅग नसलेल्या त्या पाचांपैकी एकीलाही प्रौढांच्या सुरक्षिततेचा एकही तारा मिळाला नाही. धडकेच्या क्षणी मांडीवरचे मूल आईच्या हातांत राहत नाही, हे पुष्कळांना तेव्हा प्रथमच उमगले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात स्पष्ट तरतूद आली: चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधले नसेल, तर चालकास १,००० रुपये दंड. पद्मिनीत सहज सामावणारा सात जणांचा गोतावळा कायद्याच्या दृष्टीने आता तसा बसूच शकत नाही.

जुनवानीच्या गृहस्थाचा पेच इथे येऊन भिडतो. मागे तोंड करून बसविण्याचे तान्ह्याचे आसन चालू एअरबॅगसमोर ठेवणे जिवावर बेतणारे आहे, आणि दोन आसनी मोटारीत त्या आसनाला दुसरी जागाच नसते. एअरबॅग बंद करण्याची कळ असेल तरच एक मूल नेता येईल. दुसरे घरी राहील. तेरा वर्षांखालील मुलांनी मागेच बसावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. जर्मनीच्या पोर्शे कारखान्याने आपल्या ३५६ या मोटारीत मागे दोन चिमुकली आसने दिली होती. तशा आसनांच्या मोटारीत सात-आठ वर्षांचे मूल काही वर्षे निभावते. पण तेथेही बालआसन बसते काय, पट्टा पोहोचतो काय आणि पुढचे आसन किती सरकवावे लागते, हे दुकानात मुलांना प्रत्यक्ष बसवूनच पाहावे लागते. विक्रेत्याच्या छापील पुस्तिकेत त्याचा पत्ता लागत नाही.