शेवटची नोंद कोणती? ‘भूमी’ प्रकल्पाचा इतिहास

अमुक जमिनीवर आज कोणाचे नाव आहे, हा प्रश्न सातबारा पाहणाऱ्या कोणालाही साधा वाटेल. प्रत्यक्षात त्याचे उत्तर दोन ठिकाणी विभागलेले असते. खरेदी, वारसा, वाटणी यांमुळे झालेले बदल गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमाने चढतात. त्यांपैकी प्रमाणित झालेल्या बदलाचाच अंमल नमुना सातवर येतो. पहिला तक्ता इतिहास सांगतो, दुसरा वर्तमान. भूमापन क्रमांक हा दोहोंना जोडणारा दुवा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली, आणि बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे तेव्हा त्याच इलाख्यात होते. कर्नाटकातील सातबाऱ्याला आज ‘पहाणी’ किंवा ‘आरटीसी’ म्हणतात.

वहीत शेवटची नोंद शोधावी लागत नाही. ती पानाच्या तळाशी असते. संगणकात तसे नाही. आयबीएममधील गणिती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित विदासंचाची कल्पना मांडली, तिच्यात तक्ता हा गणिती संच मानला जातो, आणि संचातील ओळींना क्रम नसतो. ‘शेवटची ओळ’ या शब्दांना तेथे अर्थच उरत नाही. क्रम हवा असेल तर तो तारखेच्या वा अनुक्रमांकाच्या स्तंभात स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. मग प्रत्येक भूमापन क्रमांकासाठी सर्वांत मोठा फेरफार क्रमांक काढायचा आणि त्यावरून धारकाच्या तक्त्याशी जुळणी करायची. त्यातही प्रलंबित फेरफार आधी वगळले पाहिजेत. अन्यथा हरकतीत अडकलेला खरेदीदार मालक म्हणून झळकेल.

भारतात या कामाचा आरंभ १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातील वर्धा त्यांपैकी एक. अशा सुरुवातीच्या प्रयत्नांची मुख्य उणीव यंत्रांत नव्हती. नोंदी एकदा संगणकात भरल्या गेल्या, पण फेरफार गावात कागदावरच होत राहिले. त्यामुळे छापील उतारा हाती येईपर्यंत शिळा झालेला असे.

बंगळुरूतून राबवलेल्या ‘भूमी’ प्रकल्पाचे वेगळेपण नेमके येथे होते. सनदी अधिकारी राजीव चावला यांच्या नेतृत्वाखाली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या आज्ञावलीवर २००० च्या आसपास उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी नोंदी आल्या. तोवर त्या सुमारे ९ हजार ग्रामलेखापालांच्या ताब्यात होत्या. उतारा तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत मिळू लागला. याहून महत्त्वाचा निर्णय मात्र असा, की जेथे प्रणाली सुरू झाली तेथे हस्तलिखित उतारा अवैध ठरवण्यात आला. दोन ठिकाणी दोन ‘शेवटच्या’ नोंदी राहण्याची वाट त्यामुळे बंद झाली. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमाने हाताळण्याचे बंधन आले आणि नोंद बदलणाऱ्याच्या बोटाचा ठसा घेतला जाऊ लागला.

तरी एक तक्ता बाहेरच होता. खरेदीखते नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ या स्वतंत्र प्रणालीत होती. दस्त नोंदला गेला, पण पहाणीवर विकणाऱ्याचेच नाव, अशा अवस्थेत तीच जमीन दुसऱ्यांदा विकता येते. पुढे दोन्ही प्रणाली जोडून दस्ताची माहिती थेट फेरफारासाठी पाठवण्याची सोय झाली.

सर्वांना हे यश मान्य नव्हते. सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असा आक्षेप घेतला की, नोंदी एकवटल्याने बंगळुरूच्या परिघावर मोठ्या खरेदीदारांना जमीन मिळवणे सोपे झाले आणि लाचखोरी घटण्याऐवजी वाढली. हा आक्षेप सहज झटकण्याजोगा नाही. सर्वांत ताजी नोंद झटपट कोणाला हवी असते, याचेही उत्तर त्यात आहे. शिवाय कायद्याच्या दृष्टीने ती नोंद मालकीचा पुरावा ठरत नाही. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी खटल्यात स्पष्ट केले आहे.

खरी कसोटी मात्र वाटणीच्या वेळी लागते. सर्व्हे क्रमांक ४५ चे ४५/१ आणि ४५/२ असे हिस्से पडले की जोडणारा दुवाच बदलतो. जुन्या क्रमांकावर शोधणाऱ्याला शेवटची नोंद म्हणून ती वाटणीच दिसते. त्यानंतरचे सारे व्यवहार नव्या क्रमांकांखाली गेलेले असतात.