जग्वार एक्सके १२० आणि मार्क टू
इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेल्या दोन मोटारगाड्या. एक्सके १२० (१९४८–५४) ही उघडी, दोन आसनी रोडस्टर. मार्क टू (१९५९–६७) ही चार दारांची सेडान. रंगरूपाने अगदी वेगळ्या असल्या, तरी दोघींचे इंजिन एकाच घराण्याचे आहे.

कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स यांना युद्धानंतर एक मोठी, वेगवान सेडान काढायची होती. तिच्यासाठी विल्यम हेन्स यांच्या चमूने सहा सिलिंडरांचे, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट असलेले एक्सके इंजिन घडवले. इंजिन सिद्ध झाले, पण सेडान तयार नव्हती. म्हणून मार्क फाइव्ह या दुसऱ्या सेडानची चासी आखूड करून तीवर रोडस्टर चढवली आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडली. मागणी इतकी आली की, लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून जेमतेम अडीचशे गाड्या काढल्यावर कंपनीला पोलादी बॉडीकडे वळावे लागले.

एक्सके १२० चे इंजिन ३,४४२ घ. सेंमी., १६० अश्वशक्तीचे. नावातला आकडा ताशी १२० मैलांचा (१९३ किमी.), १९४९ साली बेल्जियममधील याब्बेके येथे तिने ताशी १३२ मैलांचा टप्पा ओलांडला. दाराला बाहेरून मूठ नाही, खिडकीला काच नाही; आत हात घालून दोरी ओढली की दार उघडते. मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने वेगात वारंवार दाबले की ते तापून ढिले पडत.

मार्क टूच्या ३.८ लिटर गाडीत २२० अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. हे ब्रेक एक्सके १२० पासून निघालेल्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीत कसाला लागले होते. त्याच गाडीने १९५३ ची ल मांची शर्यत जिंकली. सेडानसाठी घडलेल्या इंजिनाची रोडस्टरने अशी सव्याज परतफेड केली. मार्क टूमध्ये अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, पुढच्या आसनांच्या पाठीला घडीची छोटी टेबले, चौघांची ऐसपैस सोय. एवढे असूनही ती वेगात रोडस्टरला हार जात नाही. ब्रिटिश पोलिसांनी महामार्गावरील गस्तीसाठी ती वापरली, ते उगीच नाही.

देखणेपणात एक्सके १२० सरस. रोज चालवायला मार्क टू निःसंशय उजवी. जुनी गाडी दुरुस्तीला घेणाऱ्याने मात्र एक भेद लक्षात ठेवावा. रोडस्टरला स्वतंत्र चासी आहे, पत्रा सडला तरी भार चासी पेलते. मार्क टूला वेगळी चासी नाही. दाराखालची पट्टी गंजली की गाडीचा कणाच पोखरला जातो.