हुद्द्याचे आडनाव : वऱ्हाडातील देशमुख

आडनाव म्हणजे कुळाची खूण, असा आपला सामान्य समज आहे. एका आडनावाची दोन माणसे भेटली की ती मागे कोठेतरी एका मूळपुरुषापाशी मिळत असतील, असे आपण गृहीत धरतो. हा समज तपासून पाहावयाचा असेल तर अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांसारखा प्रांत नाही. येथे देशमुख हे आडनाव गावोगाव आढळते. आणि येथेच देशमुखाची मुलगी देशमुखाच्या घरी सून म्हणून जाते, ह्यात कोणास काही वावगे वाटत नाही. सकुळांत सोयरीक वर्ज्य मानणाऱ्या समाजात हे कसे चालते? उत्तर सोपे आहे. देशमुख हे कूळ नव्हे; तो एक हुद्दा होय. हुद्दा गेला आणि त्याचे आडनाव झाले. हे कसे घडले व त्यात आपण काय हरवले, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

‘देश’ ह्या शब्दाचा येथील अर्थ राष्ट्र असा नाही. जुन्या कारभारात कित्येक गावे मिळून होणारा जो टापू, तो देश; मुसलमानी अमलात त्यासच परगणा म्हणू लागले. ह्या टापूचा जो मुख्य, तो देशमुख. गावात जसे पाटील व कुळकर्णी, तसे परगण्यात देशमुख व देशपांडे. एकाकडे वसूल व बंदोबस्त, दुसऱ्याकडे लेखन व हिशेब. ही घडण देशमुख ह्या शब्दाहूनही जुनी असावी. ग्रामाचा मुख्य ग्रामकूट व राष्ट्र नावाच्या विभागाचा मुख्य राष्ट्रकूट, असे अधिकारी प्राचीन ताम्रपटांत येतात. आणि ह्याच अधिकारनामाचे पुढे एका प्रतापी राजघराण्याचे नाव झाले. त्या नावाची एक जुनी शाखा आमच्या अचलपुरासच नांदत होती. तिच्यातील नन्नराजाचा तिवरखेडचा ताम्रपट अचलपुराहून दिलेला आहे. अर्थात पदाचे नाव घराण्यास चिकटणे ही वऱ्हाडास नवी गोष्ट नव्हे. ती जगासही नवी नाही. मिलानचे विस्कोंती म्हणजे मुळात उपसरदार, व स्कॉटलंडचे राजे स्ट्यूअर्ट म्हणजे मुळात राजवाड्याचे कारभारी.

वऱ्हाडात देशमुखीचा विस्तार केवढा होता हे अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’वरून ध्यानात येते. एलिचपूरची इमादशाही १५७४ त अहमदनगरच्या निजामशाहीने बुडविली, आणि १५९६ त वऱ्हाड मोगलांकडे गेला. त्या नव्या सुभ्यात आईनेकाराने १६ सरकारे व १४२ परगणे सांगितले आहेत. परगणा तेथे देशमुख, हे ध्यानी घेतले म्हणजे एकाच प्रांतात एका हुद्द्याची किती निरनिराळी घराणी असली पाहिजेत ह्याची कल्पना येते. ही घराणी एका जातीचीही नव्हती. मराठे, कुणबी, ब्राह्मण, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, इतकेच नव्हे तर मुसलमान देशमुखही महाराष्ट्रात आहेत.

राज्ये बदलली तरी देशमुख सहसा बदलला नाही, हे ह्या वतनाचे वैशिष्ट्य होय. बादशहाचा सुभेदार आज आहे, उद्या नाही. पण कोणत्या गावाची जमीन कशी, कोणाकडे बाकी किती, हे ठाऊक असलेला माणूस परगण्यात एकच. म्हणून प्रत्येक नव्या सत्तेस त्याची गरज पडे. त्याबद्दल त्यास वसुलावरील रुसूम, इनाम जमिनी व मानपान मिळत. पोळ्याचा व दसऱ्याचा मान ही पोकळ बाब नव्हती. वतनाचा हक्क गोतापुढे सिद्ध करण्याचे ते साधन होते. वतन वंशपरंपरेने चाले, त्याच्या तक्षिमा पडत, ते विकलेही जाई. विकत घेणारा देशमुख होई. परंतु म्हणून तो विकणाऱ्याच्या कुळातला होत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी जो सावधगिरीचा उपदेश आहे, त्याचेही कारण हेच की गढीत बसलेला हा मनुष्य आपल्या टापूत लहानसा राजाच असे. रयतेस त्याचा आधार होता, तसाच त्याचा जाचही होता.

त्या काळी कागदावर देशमुखाचे नाव कसे येई? ‘अमुक बिन तमुक कदम, देशमुख, परगणे अमुक’ ह्या धाटणीने. प्रथम स्वतःचे नाव, मग बापाचे, मग कूळ, आणि शेवटी हुद्दा व परगणा. ह्या एका ओळीत मनुष्याची सारी ओळख होती. कूळ व हुद्दा ह्यांची गल्लत नव्हती. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवांकडे होती. परंतु इतिहासात ते जाधवच राहिले, कारण त्यांचे कूळ वतनाहून अधिक गाजले. सामान्य घराण्यांचे भाग्य तसे नव्हते.

पुढे वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले ह्यांची दोअमली चालली. १८०३ त आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. निजामाच्या अमलात वसुलाचे मक्ते सावकारांस मिळू लागले, तेव्हाच देशमुखाचे आसन डळमळले होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी झाली. आता सरकार थेट खातेदाराशी बोलू लागले. परगण्याची जागा तालुक्याने घेतली आणि देशमुखास काम उरले नाही. लायलसाहेबांच्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये देशमुख-देशपांड्यांची हकीकत येते ती अशा मावळत्या संस्थेची.

आणि नेमक्या ह्याच वेळी हुद्द्याचे आडनाव पक्के झाले, ही ह्या इतिहासातील मर्माची गोष्ट होय. पाहणीचे खाते, कोर्टाचा दावा, शाळेचा दाखला, ह्या साऱ्यांस तीनच शब्दांचे नाव हवे होते : स्वतःचे, बापाचे व आडनाव. पाच अंगांच्या जुन्या ओळीतून काहीतरी गाळणे भाग होते. परगणा गळला, कारण तो राहिलाच नव्हता. आणि कदम, जाधव गळले, कारण मान देशमुखीचा होता. अधिकार गेलेल्या माणसाने अधिकाराचे नाव घट्ट धरावे, हे मनुष्यस्वभावास धरूनच झाले.

ह्याची ठळक उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख (१८२३–१८९२) ह्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिधये. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे कायस्थ प्रभू. आणि अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ त जन्मलेले, १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था स्थापणारे व पुढे भारताचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव देशमुख मूळचे कदम. तिघांचे आडनाव एक, पण कुळे तीन व जातीही तीन. १९६९ साली स्थापन झालेले अकोल्याचे कृषि विद्यापीठ आज पंजाबरावांचे पूर्ण नाव धारण करते. वसूल घेणाऱ्या हुद्द्याचे नाव शेती शिकविणाऱ्या संस्थेवर यावे, हा काळाचा न्याय म्हणावयास हरकत नाही.

मग हरवले काय? हरवली ती कुळाची व परगण्याची आठवण. दप्तरातून हद्दपार झालेले कूळ आता लग्न जुळविताना तेवढे विचारले जाते; देवक बसविताना घरातील वडील माणूस सांगतो की आपण अमुक. तो माणूस गेला की ते ज्ञानही जाते. मग नातू आडनावाच्या बळावर भलत्याच घराण्याची वंशावळ आपली समजतो, आणि गावचा इतिहास लिहिणारा दहा निरनिराळ्या घराण्यांस एक करून टाकतो. देशमुख हे नाव टाकावे असे कोणी म्हणणार नाही. त्यात तीनशे-चारशे वर्षांचा कारभार साठविलेला आहे. परंतु त्या नावापुढे आपले कूळ कोणते व परगणा कोणता, हे दोन शब्द प्रत्येक घराने घरच्या वहीत लिहून ठेवावेत. जुन्या कारकुनाने जी ओळ पुरी लिहिली होती, ती आपण अर्धी करून मुलांच्या हाती देऊ नये.