खपाटीला गेलेल्या पोटाची कुळकथा

शरीरसौष्ठव स्पर्धेवरचा सर्वांत गाजलेला माहितीपट म्हणजे १९७७चा ‘पंपिंग आयर्न’. प्रिटोरियातली १९७५ची मिस्टर ऑलिम्पिया, अर्नोल्ड श्वार्झनेगर, लू फेरिग्नो हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. मला ओढ लागली ती त्या पिढीच्या एका पोझची. श्वास पूर्ण सोडायचा, पोट बरगड्यांखाली खेचायचं आणि तसंच धरून ठेवायचं. हीच ‘व्हॅक्यूम’ पोझ. १९७७ ते १९७९ सलग तीन वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेल्या फ्रँक झेनची ती ओळखच होती. ‘व्हॅक्यूम’ या नावाचं मूळ कॅलिफोर्नियात नसून लोणावळ्यात आहे, असं माझं मत आहे.

लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं. पूर्वाश्रमीचे ते जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचे एक गुरू बडोद्याचे राजरत्न माणिकराव, म्हणजे थेट आखाड्याची परंपरा. दुसरे नर्मदाकाठच्या मालसरचे योगी परमहंस माधवदासजी. तालीम आणि हठयोग असे एकाच माणसात एकत्र आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

स्वामीजींपुढचा प्रश्न साधा होता. हठयोगातल्या बस्ति या आतडं धुण्याच्या क्रियेत नळीवाटे पाणी वर आतड्यात चढतं कसं? उड्डियान या पोट आत खेचण्याच्या क्रियेत श्वासपटल वर ओढलं जातं. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू वेगळे पुढे येतात. पोटाची पोकळी वाढली की आतला दाब उतरत असणार. स्वामीजींनी दाबमापक लावून तो मोजला. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेलेला दिसला, पाणी शोषलं जाण्याचं कारण हाती आलं. या निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूचं नाव दिलं: ‘माधवदास व्हॅक्यूम’. ‘योगमीमांसा’ या त्यांच्या इंग्रजी नियतकालिकामुळे हे संशोधन मावळच्या डोंगरांपलीकडे पोचलं.

नाव इथूनच गेलं या माझ्या मताला पहिला आक्षेप मॅक्सिकचा. या ऑस्ट्रियन मल्लाने १९१० च्या सुमारास लंडनमध्ये एकेक स्नायू सुटा हलवून दाखवला, त्यावर पुस्तक लिहिलं. बंगालात बिष्णुचरण घोषांनी हीच विद्या वाढवली. तेव्हा पोट आत घेण्याची करामत युरोपात स्वतंत्रपणे उपजली असेल, हे मी मान्य करतो. पण मॅक्सिकची भाषा स्नायूंवरच्या ताब्याची आहे. प्रेक्षकाला दिसतो तो खळगा. दाब काही दिसत नाही. खळग्याला निर्वात म्हणायचं सुचतं ते आत मोजून पाहिलेल्या माणसाला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. व्हॅक्यूम क्लीनर अमेरिकेत घरोघरी होता, आत ओढणाऱ्या कशालाही कुणी ते नाव दिलं असेल. शक्य आहे. पण शब्द कोणत्या वाटेने गेला असेल ते पाहा. येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन १९३०च्या दशकात लोणावळ्याला राहून स्वामीजींकडे शिकले आणि १९३७ साली योगावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. अमेरिकेतली व्यायामाची मासिकं त्या काळात नव्या युक्त्यांसाठी भुकेलेली होती. शब्द याच वाटेने गेला आणि वाटेत ‘माधवदास’ गळून पडला, असा माझा तर्क आहे.

माझ्या मते सगळ्यात बळकट पुरावा सरावाच्या पद्धतीत आहे. व्हॅक्यूम शिकवताना सांगतात: सकाळी, उपाशीपोटी, गुडघे किंचित वाकवून हात मांड्यांवर टेकवा, सगळा श्वास बाहेर टाका, मग पोट आत. उड्डियानाचा पाठही हाच, याच क्रमाने. केवळ मंचावर कंबर बारीक दाखवायची असती तर हात मांड्यांवर रोवून पुढे झुकण्याची गरजच नव्हती. पोझमध्ये तर हात डोक्यामागे असतात.

पुढे आकारमानाची चढाओढ लागली, स्पर्धकांची पोटं फुगली आणि व्हॅक्यूम मागे पडला. २०१६ साली मिस्टर ऑलिम्पियात क्लासिक फिजिक हा गट आला आणि त्या गटात ही पोझ पुन्हा मानाने दिसू लागली.