धडधड कागदावर कशी उतरली

छातीवर चिकटवलेली इलेक्ट्रोड, कमरेला मोबाइलएवढी डबी आणि हातात एक छोटी वही. 'होल्टर लावलंय' असं सांगणारं कुणी ना कुणी आता प्रत्येकाच्या ओळखीत असतं. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास ही डबी हृदयाचा प्रत्येक ठोका टिपते आणि रुग्णाने धडधड झाली की वहीत वेळ लिहायची असते. हे सगळं करावं लागतं, कारण धडधड दवाखान्याच्या वेळा पाळत नाही. रात्री अडीचला छातीत घोडे उधळतात आणि सकाळी डॉक्टरांसमोर बसेपर्यंत नाडी शांत झालेली असते. उरतो तो रुग्णाचा शब्द. या शब्दाला पुरावा मिळावा म्हणून माणसं काही शतकं झटली.

नाडीवर बोट ठेवणं सगळ्यांत जुनं. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल साप, बेडूक, हंस यांच्या गतीवरून सांगितली आहे आणि थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर या डॉक्टरने १७०७ साली नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारं घड्याळ वापरात आणलं. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेकने कागदाची सुरळी छातीला लावून ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. पण बोट असो की कान, धडधड चालू असताना वैद्य शेजारी असेल तरच त्यांचा उपयोग.

तो शेजारी नसला की काय होतं, हे अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांनी भोगलं. धडधड, धाप, छातीतली कळ आणि थकवा घेऊन ते इस्पितळात येत. फिलाडेल्फियाच्या जेकब डाकोस्टाने अशा तीनशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास करून १८७१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हृदयाच्या रचनेत दोष दिसत नसतानाही त्याने त्यांचं म्हणणं नीट लिहून ठेवलं, याचं मोल मला फार वाटतं. पुढे या दुखण्याची नावं बदलत गेली आणि हळूहळू ते मनाच्या खात्यात जमा झालं. धडधडीच्या इतिहासात यंत्रांच्या बरोबरीने संशयाचीही परंपरा चालत आली आहे, ती अशी.

या परंपरेला छेद दिला तो एका साध्या फॅमिली डॉक्टरने. जेम्स मॅकेन्झी हा लँकेशरमधल्या बर्नली या गिरणगावात प्रॅक्टिस करत होता. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेचं स्पंदन एकाच कागदावर उमटवणारं पॉलिग्राफ त्याने घडवलं. मध्येच येणारा जादा ठोका आणि त्यामागून 'ठोका चुकल्यासारखा' वाटणारा खंड त्याने रेघांत पकडला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने त्याच रुग्णांना वर्षानुवर्षं पाहिलं. गिरणीत काम करणारी, संसार करणारी ही माणसं जादा ठोक्यांसह ठणठणीत जगत होती. एरवी अशा माणसाला अंथरुणाला खिळवून ठेवत, भीती घालत. बहुतेक वेळा हे निरुपद्रवी असतं, असं मॅकेन्झी पुराव्यानिशी म्हणू शकला. हे ज्ञान मोठ्या इस्पितळात सापडलं नसतं. तिथे रुग्ण येतो आणि निघून जातो. १९०२ मध्ये त्याचं नाडीवरचं पुस्तक आलं.

तेव्हा नेदरलँड्समध्ये लायडनला विलेम आइनथोव्हेन हृदयातली वीज टिपत होता. ऑगस्टस वॉलरने लंडनमध्ये १८८७ साली ती प्रथम नोंदवली होती, पण रेघ भोंगळ होती. आइनथोव्हेनचं यंत्र सुमारे २७० किलोंचं आणि चालवायला पाच माणसं. रुग्ण दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. १९०५ मध्ये त्याने दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातल्या रुग्णांचा ईसीजी टेलिफोनच्या तारेतून प्रयोगशाळेत आणला आणि १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुइसने पूर्ण विस्कळीत नाडीचं मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीत दाखवलं. हीच एट्रियल फिब्रिलेशन. तिच्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.

तरीही रुग्णालाच यंत्राकडे जावं लागत होतं. यंत्र रुग्णाबरोबर पाठवलं ते मोंटानातल्या हेलेना गावच्या नॉर्मन होल्टरने. त्याचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं, सुमारे ३८ किलोंचं. ट्रान्झिस्टर आले, वजन उतरलं आणि १९६१ मध्ये 'सायन्स'मध्ये त्याचा लेख आला.

नोंदी मुबलक झाल्यावर वेगळीच चूक घडली. हार्ट अटॅकनंतर दिसणारे जादा ठोके औषधांनी दाबले तर मृत्यू टळतील, असा डॉक्टरांचा समज झाला. अमेरिकेतल्या कास्ट या चाचणीत ठोके दबले, पण औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू अधिक झाले. १९८९ मध्ये त्यातली दोन औषधं थांबवावी लागली. दिसलेला प्रत्येक ठोका औषध मागत नाही, हे मॅकेन्झीचं म्हणणं इतक्या किमतीला पुन्हा शिकावं लागलं.

संशय मात्र गेला नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अचानक सुरू होणाऱ्या अतिजलद ठोक्यांचे, म्हणजे एसव्हीटीचे, १०७ रुग्ण होते. त्यांतल्या ५९ जणांचं निदान पहिल्या तपासणीत हुकलं होतं आणि 'हा पॅनिक आहे' असा शिक्का पुरुषांपेक्षा बायकांवर जास्त बसला होता. आपल्या घरांतही बाईची धडधड आधी 'टेन्शन' असते, नाहीतर 'गॅस'. तो अंदाज कधी बरोबरही असतो. अ‍ॅनिमिया, थायरॉइड, ताप, जास्त चहा-कॉफी, तंबाखू, दम्याचा पंप, रजोनिवृत्ती, खरीखुरी चिंता यांनीही धडधडतं. पण तपासल्याशिवाय कुणालाही हे म्हणण्याचा अधिकार नाही.

धडधडीबरोबर छातीत दुखलं, धाप लागली, घेरी आली किंवा शुद्ध हरपली तर थांबू नका, १०८ला फोन करा. व्यायाम करताना धडधड होते, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे किंवा हृदयविकार आधीपासून आहे, तर लवकर डॉक्टर गाठा. एखाददुसरा ठोका चुकल्यासारखा वाटला तर घाबरू नका. वारंवार होत असेल तर मात्र दाखवा. धडधड चालू असेल तर जवळच्या दवाखान्यात तेव्हाच ईसीजी काढायला सांगा. थांबल्यावर काढलेला नॉर्मल ईसीजी आधीच्या अर्ध्या तासाबद्दल काही सांगत नाही. ती पट्टी मागून घ्या आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची रेघ काही वर्षांत पुसट होते.