कादंबरीतले नाव, नकाशावरचे अरण्य

चीनच्या युन्नान प्रांतात, वायव्येच्या टोकाला, पुदात्सुओ नावाचे अरण्य आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ३,५०० मीटरपासून ४,१५९ मीटरपर्यंत जाते. स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी वृक्षांच्या फांद्यांवरून दगडफुलाचे करडे-हिरवे झुपके लोंबत असतात. शुदू आणि बिता ही येथली दोन सरोवरे. बिताच्या काठावरील रोडोडेंड्रॉनच्या पाकळ्या पाण्यात पडतात आणि त्या खाऊन मासे झिंगतात, असे स्थानिक लोक सांगतात. प्रवासी बसने येतो, लाकडी पायवाटेवरून विरळ हवेत धापा टाकत चालतो आणि परतताना म्हणतो, ‘शांग्रीला पाहिले.’ या वाक्यातील विशेषनामाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने तपासावा असा आहे.

जेम्स हिल्टन या इंग्रज लेखकाची ‘लॉस्ट होरायझन’ ही कादंबरी १९३३ साली प्रसिद्ध झाली. हिल्टन तिबेटात कधीच गेला नव्हता; त्याने आपली सामग्री ग्रंथालयात बसून मिळवली. त्याचे शांग्रीला कुन्लुन पर्वतात आहे, युन्नानमध्ये नव्हे. या नावामागे बौद्ध परंपरेतील ‘शंभल’ असावे, असे मानले जाते. कल्कीचे जन्मग्राम म्हणून पुराणांतून तो शब्द आपल्याही परिचयाचा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या भयग्रस्त युरोपला शांततेचे असे एक स्थळ हवेच होते. फ्रँक काप्राने १९३७ मध्ये कादंबरीवर चित्रपट काढला. १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपल्या विश्रामस्थळाला हेच नाव दिले.

पुदात्सुओचा परिसर मात्र तेव्हा दुसऱ्याच नावांनी नांदत होता. तिबेटी भाषेत ग्यालथांग, चिनी भाषेत झोंगदियान. येथील सोंगझानलिन मठाचा आरंभ १६७९ चा, म्हणजे हिल्टनच्या कादंबरीपेक्षा अडीच शतके जुना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागाचे अर्थकारण मुख्यतः लाकूडतोडीवर चालले. डोंगर उघडे पडत गेले. पुढे १९९८ साली यांगत्सेला महापूर आला, हजारो माणसे दगावली, आणि नदीच्या वरच्या खोऱ्यातील नैसर्गिक जंगलतोडीवर सरकारने बंदी घातली. कुऱ्हाड थांबली, पण तिच्याबरोबर उत्पन्नही थांबले. शांग्रीला आपल्याच प्रदेशात असल्याची घोषणा युन्नानने १९९७ मध्येच केली होती; आता तिची निकड वाढली. डिसेंबर २००१ मध्ये झोंगदियान परगण्याचे अधिकृत नाव ‘शांग्रीला’ झाले. २००७ मध्ये पुदात्सुओ राष्ट्रीय उद्यान म्हणून खुले झाले.

हे नामांतर म्हणजे निव्वळ व्यापारी लबाडी, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते पुरेसे नाही. जो वृक्ष तोडून विकला जात होता, तो उभा राहूनही पोट भरू शकतो, हे या नावामुळे शक्य झाले. एका काल्पनिक शब्दाने खऱ्या झाडांना आधार दिला, ही गोष्ट लहान नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. हिल्टनच्या मठाचा प्रमुख लामा तिबेटी नाही. तो लक्झेंबर्गहून आलेला पेरॉल नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू आहे. तेथे जपून ठेवायची आहे ती प्रामुख्याने युरोपची संस्कृती. दरीतले स्थानिक लोक पार्श्वभूमीला राहून राबतात. कादंबरीतील ही रचनाच नावाबरोबर नकाशावर उतरली नाही ना? नव्या नावाने आलेला प्रवासी आधीच वाचलेले किंवा ऐकलेले स्थळ शोधतो. जानेवारी २०१४ मध्ये दुकेझोंग या तिथल्या जुन्या वस्तीतील शेकडो घरे आगीत भस्मसात झाली, तेव्हा जगभरच्या बातम्यांत ‘शांग्रीला जळाले’ असेच मथळे झळकले. घरे ग्यालथांगची होती.

साहित्य वास्तवाचे प्रतिबिंब असते, असे आपण वर्गात शिकवतो. येथे वास्तवालाच साहित्याप्रमाणे व्हावे लागले. म्हणून त्या अरण्यात जाणाऱ्याने हिल्टनला जरूर आठवावे. पण सरोवराकाठच्या माणसाला त्याच्या गावाचे नाव विचारावे, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच उच्चारात लक्षात ठेवावे.