ग्रसिका व जठर यांची अर्बुदे : शस्त्रक्रियेचा इतिहास

ग्रसिका (घशापासून जठरापर्यंत अन्न वाहून नेणारी स्नायुमय नळी) व जठर यांत साधी व मारक अशी दोन्ही प्रकारची अर्बुदे (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे होणाऱ्या गाठी) आढळतात. त्यांपैकी कर्करोग हा मारक प्रकार सर्वांत महत्त्वाचा होय. त्याच्यावरील शस्त्रक्रियेस शुद्धिहरण व जंतुरोधक पद्धती यांचा प्रसार झाल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रारंभ झाला.

जठर : कर्करोगग्रस्त जठराचा निर्गमाकडील भाग काढण्याचा प्रयत्न पॅरिस येथे पेआं यांनी १८७९ मध्ये व पोलिश शस्त्रक्रियातज्ञ रीडिगिअर यांनी १८८० मध्ये केला, परंतु दोन्ही रुग्ण लवकरच दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थीओडोर बिलरोट यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली व उरलेले जठर ग्रहणीस (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागास) जोडले. रुग्ण शस्त्रक्रियेतून बरी झाली. तथापि रोग आधीच पसरलेला असल्याने सुमारे चार महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. संपूर्ण जठर काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी १८९७ मध्ये केली.

ग्रसिका : ग्रसिकेचा बराचसा भाग छातीच्या पोकळीत असतो. छाती उघडताच फुप्फुस आकसत असल्याने तेथवर पोहोचणे दीर्घकाळ अशक्य होते. झेर्नी यांनी १८७७ मध्ये मानेतील भाग काढला. न्यूयॉर्क येथे फ्रांट्स टोरेक यांनी १९१३ मध्ये श्वासनालात नळीवाटे हवा सोडून छातीतील कर्करोगग्रस्त भाग काढला. ग्रसिकेचे मानेतील टोक व जठरास पाडलेले छिद्र यांना जोडणारी रबरी नळी शरीराबाहेरून बसविण्यात आली. ही रुग्ण पुढे १२ वर्षांहून अधिक काळ जगली. जठर छातीत वर ओढून ग्रसिकेस जोडण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तीत जपानचे ओसावा (१९३३) व इंग्लंडचे आयव्हर लूइस (१९४६) यांचे कार्य उल्लेखनीय आहे.

निदान व कारणमीमांसा : गिळण्यास होणारा त्रास ग्रसिका बरीच अरुंद झाल्यावरच जाणवतो, तर जठराच्या कर्करोगाची आरंभीची लक्षणे साध्या अपचनासारखी असतात. यामुळे शस्त्रक्रियेतील कौशल्य वाढूनही पुष्कळ रुग्ण वाचत नसत. हिर्शोविट्स यांनी १९५७ मध्ये वापरलेल्या लवचिक तंतुप्रकाशीय अंतर्दर्शकामुळे जठराचे आतून निरीक्षण सुलभ झाले. जपानमध्ये १९६२ साली प्रारंभिक जठर कर्करोगाची व्याख्या ठरविण्यात आली : रोग श्लेष्मकला (बुळबुळीत अस्तर) व तिच्या लगतचा खालचा थर यांपुरताच मर्यादित असणे. अशा अवस्थेत उपचार झाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या सूक्ष्मजंतूचे महत्त्व वॉरन व मार्शल यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले. १९९४ मध्ये त्याची गणना मानवी कर्करोगकारकांत झाली. ग्रसिकेच्या कर्करोगाशी तंबाखू व मद्य यांचा संबंध सिद्ध झाला आहे. म्हणून शस्त्रक्रियेइतकेच प्रतिबंध व लवकर निदान यांना महत्त्व आले आहे.